ओली टाळू

दुपारी घरी येण्याची माझी वेळ नव्हती. बंदरावर काजूचा एक कंटेनर उघडायचा होता, मालकाचा माणूस आलाच नाही, म्हणून कंटाळून वडुतला भागातल्या आमच्या घरी आलो आणि आपल्या चावीनं दार उघडलं. अम्मच्ची, म्हणजे माझी सासू, लेयाला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसली होती. मला बघून ती इतकी चटकन उठली की लेयाच्या हातातला खुळखुळा खाली पडला. मी पोरीला उचलून घेतलं आणि रोजच्यासारखे टाळूला ओठ टेकले. ओठांना ओल लागली. केस कोरडे होते, कान कोरडे, मान कोरडी, झबल्याचा गळा कोरडा. फक्त टाळू, जिथं अजून हाड भरून आलेलं नाही आणि खालची धडधड ओठांना कळते, तेवढी ओली होती. ‘घाम,’ अम्मच्ची म्हणाली. मी विचारलंही नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता. मी ओठांवरून जीभ फिरवली, ती माझी सवयच आहे. घामाला मीठ असतं. या पाण्याला नव्हतं.

माझा धंदाच पाण्याचा आहे, म्हणजे पाणी नको तिथं शिरल्याचा. जहाजातून माल उतरतो तेव्हा काही पेट्या ओल्या निघतात. मालक म्हणतो समुद्राचं पाणी शिरलं, जहाजवाला म्हणतो पेटी भरतानाच माल ओला होता, आणि विमेवाल्याचा दोघांवरही विश्वास नसतो, म्हणून तो मला पाठवतो. माझ्या पिशवीत सिल्व्हर नायट्रेटची छोटी काळी बाटली असते. डागावर एक थेंब टाकायचा. तो दुधासारखा पांढरा झाला तर मीठ आहे, म्हणजे समुद्र. नाही झाला तर गोडं पाणी, म्हणजे पाऊस, नाहीतर कुणीतरी मुद्दाम ओतलेली बादली. या कामात इतकी वर्षं गेल्यावर माणसाचा स्वभाव बिघडतो हे मला मान्य आहे. हॉटेलात ग्लासाखाली ओलं वर्तुळ दिसलं तरी मी ते कुणाचं म्हणून बघतो. पण एक गोष्ट मी पक्की शिकलोय. ओल कशानं आली हे विचारायच्या आधीच जो सांगतो, त्याच्याकडे नीट बघायचं. मी अम्मच्चीकडे नीट बघितलं. ती खाली वाकून खुळखुळा शोधत होती, आणि तो तर तिच्या पायाशीच पडला होता.

संशय कशाचा, हे आमच्या भागात कुणालाही न सांगता कळलं असतं. माझी बायको ट्रीसा कॅथलिक घरातली, पाला गावाकडची. त्यांच्यात मूल जन्मलं की थोड्या दिवसांत त्याला चर्चमध्ये नेतात, फादर डोक्यावर पाणी घालतो, तेल लावतो, आजी-आजोबांचं नाव देतो, आणि मग सगळे मिळून जेवतात. आमचं घर विश्वासी मंडळींचं. आमच्यात मूल म्हणजे नुसतं मूल. ते मोठं व्हावं, त्याला पाप म्हणजे काय ते कळावं, त्यानं स्वतःच्या तोंडानं ‘माझा विश्वास आहे’ म्हणावं, आणि मग त्याला नदीत नेऊन सबंध बुडवून काढावं. त्यांच्या लेखी आम्ही पोरांना उघड्यावर टाकणारे, आमच्या लेखी ते झोपलेल्या पोरांची डोकी भिजवणारे. ट्रीसानं आणि मी रजिस्टर लग्न केलं ते याचसाठी. चर्चमध्ये लग्न करायचं तर होणाऱ्या पोराचा बाप्तिस्मा आधीच कबूल करून द्यावा लागला असता. आम्ही ठरवलं की पोर मोठं होईल आणि स्वतःचं स्वतः बघेल. ट्रीसाला दिवस गेले तेव्हा मी अम्मच्चीला समोर बसवून हे सांगितलं. तिनं गळ्यातल्या क्रुसाला हात लावला आणि म्हणाली, ‘शब्द दिला, मोने. माझ्या हातून नाही होणार.’ मोने म्हणजे लेका. ती मला कधी जावई मानत नाही, मुलगाच मानते, आणि त्यामुळे तिच्याशी भांडायची पंचाईत होते.

माझ्या वडिलांनी असा शब्द कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी जन्मभर तेच सांगितलं होतं. उम्मन उपदेशी म्हणून त्यांना मणिमला नदीच्या दोन्ही काठांवर लोक ओळखायचे. पगार नाही, झगा नाही, लुंगीसारखं पांढरं मुंडू, पांढरा सदरा, काखेत पुस्तक आणि खांद्याला पाण्याचा स्टीलचा फ्लास्क. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांची आणि अम्मच्चीची जुंपली. ‘पाणी काही करत नाही, एलीक्कुट्टी,’ अप्पा म्हणाले. ‘पाणी साक्षीदार. आत जे झालंय ते चार लोकांना दाखवायचं. जुना माणूस पुरायचा आणि नवा वर काढायचा. बाळाला काय पुरणार? झोपेत अंगठा घेतल्यासारखं आहे ते तुमचं.’ अम्मच्चीनं त्यांच्या पानात मासा वाढत विचारलं, ‘तुमच्या आईनं तुम्हाला विचारून दूध पाजलं होतं का हो, उपदेशी? आपण कुठं काय करतो? करणारा तो. म्हणून तर बाळाला चालतं. उलट बाळालाच चालतं, ते मधे लुडबुड करत नाही.’ ट्रीसा हसून हसून खोकायला लागली. अप्पांनी आणखी भात मागितला.

त्या संध्याकाळी ट्रीसा बँकेतून आल्यावर मी तिला टाळूचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तू पोरीचं डोकं चाटलंस?’ मी म्हटलं, ओठ चाटले. ‘म्हणजे डोकंच. मी उद्या बँकेत कुणाला सांगणार नाही, पण आईला सांगणार.’ मी म्हटलं, हसू नकोस, तुझ्या आईनं पाणी घातलंय. ‘घातलं असेल तर वाळलं,’ ती म्हणाली. ‘तुमच्या मते पाण्यानं काही होत नाही ना? मग काय गेलं?’ हा प्रश्न मला आवडला नाही. पाण्यानं काही होत नसेल तर पोरीचं काहीच बिघडलं नव्हतं. मग माझं काय बिघडलं होतं? कुणीतरी माझ्या मागे माझ्या लेकीच्या डोक्यावर काहीतरी ठरवून टाकलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण माझा राग त्याहून मोठा होता आणि तो कुठून येतो हे मला कळत नव्हतं. ज्या बाईच्या भरवशावर आम्ही दोघं रोज सकाळी पोर टाकून कामाला जातो, तिच्यावर भरवसा नाही, एवढं मात्र कळत होतं.

मग मी अवेळी घरी यायला लागलो. कधी फाईल विसरली म्हणून, कधी पोट बिघडलं म्हणून. अम्मच्ची प्रत्येक वेळी दचकायची, आणि दरवेळी मला वाटायचं, सरळ माणूस दचकेल कशाला? आता वाटतं, दिवसाढवळ्या कुलपात चावी फिरली तर कुणीही दचकेल. एकदा ती बाल्कनीत फोनवर होती, पाठ माझ्याकडे. ‘पण फादर, पाणीच तसलं असेल तर?’ ती म्हणत होती. ‘नाही, घाण नाही, तसलं म्हणजे…’ माझी चाहूल लागताच तिनं ‘मग करते’ म्हणून फोन ठेवला आणि वाळत घातलेले लंगोट काढायला लागली. ते अजून ओले होते. कधी नव्हे ती मधल्या वारीसुद्धा चर्चला जायला लागली. मी विचारलं, ‘आज काय विशेष?’ ‘काही नाही, गुडघे दुखतात.’ गुडघे दुखतात म्हणून कुणी गुडघे टेकायला जातं का? तिच्या कपाटात वेलांकण्णीहून आणलेली तीर्थाची प्लास्टिकची बाटली होती, निळ्या झाकणाची. तिच्यातलं पाणी कमी होतं का, हे मी येता-जाता बघायला लागलो. मनातल्या मनात माझा अहवाल तयार होत होता, आणि त्यात माल, मालक, ओल, सगळं जागच्या जागी बसत होतं.

अशा वेळी मला नदी आठवायची. मी सोळा वर्षांचा होतो. मंडळी काठावर उभी राहून गात होती, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते, आणि अप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, त्यांचं मुंडू फुगून वर आलेलं. आम्ही चौघं पोरं रांगेत. अप्पांनी मला विचारलं, विश्वास आहे? मी म्हटलं, आहे. काठावर माझी आई होती, शेजारची होती, शाळेतले मास्तर होते. दुसरं काय म्हणणार? त्यांनी एक हात माझ्या मानेखाली घातला, दुसऱ्यानं नाकावर रुमाल धरला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणाले आणि मला मागे झुकवलं. पाणी कानांवरून बंद झालं. वर आलो तोच काठावरून एका म्हातारीचा आवाज आला, ‘उपदेशी, कोपर राहिलं! कोपर कोरडं आहे पोराचं!’ लोक हसले नाहीत. अप्पांनी माझ्या उजव्या कोपराकडे बघितलं. स्वतःचाच मुलगा, चालवून घेतलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण अप्पांच्यात चालवून घेणं नव्हतं. प्रेताचा हात मातीबाहेर ठेवून कुणी पुरत नाही, ते मला हळूच म्हणाले, आणि सगळे शब्द पहिल्यापासून म्हणून त्यांनी मला पुन्हा खाली नेलं. या वेळी रुमाल निसटला. नाकात पाणी गेलं, आणि मी डोळे उघडले. हिरवं होतं सगळं. अप्पांचे पाय दिसत होते, एका पायाची बोटं वाळूत रुतलेली. मी वाट बघत होतो. आता काहीतरी होईल, आता होईल. मग मी वर आलो, आईनं टॉवेलात गुंडाळलं, कुणीतरी गरम कॉफी दिली. सगळे रडत होते आणि मला ठसका लागला होता. काय वाटलं, असं मला कुणी विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही. पण मी तेव्हापासून विचारतोय. आत काही झालं होतं का? की फक्त कोपर भिजलं?

टोपी सापडली ती या सगळ्याच्या मधेच. लेयाला ताप होता, ट्रीसा तिला घेऊन येरझारा घालत होती, आणि तापाचं औषध अम्मच्चीच्या कपाटात आहे म्हणाली. औषध होतंच. त्याच्या मागे, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली, लेयाची पहिली टोपी होती. पांढऱ्या मऊ कापडाची, माझ्या मुठीत मावेल एवढी. लेया फार लवकर जन्मली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती निळी पडायला लागली तेव्हा त्या छोट्या दवाखान्यानं हात वर केले आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाले. त्या सकाळचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी खाली ॲम्ब्युलन्सवाल्याशी भांडतोय. वर ट्रीसा टाके घातलेल्या पोटानं खाटेवर, तिला उठू देत नाहीत. लिफ्टपाशी नर्सच्या हातात गुंडाळी, बाजूला अप्पा आणि अम्मच्ची, दोघंही भिंतीला लागून उभी. ॲम्ब्युलन्समध्ये अप्पांनी माझ्यापुढे फ्लास्क केला. ‘पी. सकाळपासून काही घेतलं नाहीस.’ मी गटागटा प्यालो. लेया वाचली. अप्पा त्यानंतर चार महिन्यांत गेले, सकाळी आंघोळीला पाणी काढताना. नदीकाठच्या सगळ्या मंडळींनी गात गात त्यांना पोचवलं. ही टोपी त्या दिवशी लेयाच्या डोक्यावर होती. मोठ्या हॉस्पिटलात सगळे कपडे काढून घेतले, तेव्हा ती हरवली असं मी धरून चाललो होतो.

टोपीच्या पुढच्या काठाला डाग होता. पाणी पडून पसरल्याचा, कडेला गडद, मधे फिका. रंग विटकरीसारखा, जरासा गुलाबी. रक्त नव्हे, रक्ताचा डाग असा पसरत नाही. औषध असेल. पण औषध कपाळावर कोण ओततं? म्हणजे तेव्हाच, मला वाटलं, अगदी तेव्हाच, माझी पोर मरत असताना, मी खाली ॲम्ब्युलन्ससाठी भांडत असताना, या बाईनं शब्द मोडला होता. आणि वर ही टोपी जपून ठेवली होती, पुरावा म्हणून की मिरवायला, देव जाणे. औषध ट्रीसाला देऊन मी परत गेलो, खिडकीत उभा राहिलो, आणि पिशवीतून बाटली काढून डागाच्या कडेला एक थेंब टाकला. स्वतःची लाज वाटली, पण हात थांबला नाही. थेंब किंचित पांढुरका झाला. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. आजाऱ्या बाळाच्या डोक्याला घाम असतोच, आणि घामाला मीठ. मी टोपी रुमालात गुंडाळून होती तशी ठेवली. एक गोष्ट मात्र मी विसरलो, जी माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो. बाटलीतल्या या औषधाला उजेड लागला की ते काळं पडतं, आणि ते काळं कशानंही जात नाही.

रविवारी सकाळी ट्रीसा मासे आणायला गेली होती. मी लेयाला पेज भरवत होतो. अम्मच्ची आतून आली आणि तिनं टोपी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. गुलाबी डागाच्या शेजारी काळा ठिपका, शाईसारखा. ‘मोने, हे काय केलंस?’

‘तुम्ही काय केलंत ते आधी सांगा.’

‘मी?’

‘दवाखान्यात एकदा आणि त्या दुपारी इथं एकदा. मला सगळं कळलंय. फादरला फोन करता तेही कळलंय. शब्द दिला होतात तुम्ही, क्रुसाला हात लावून.’ माझा आवाज चढला होता, लेया चमचा तोंडात धरून माझ्याकडे बघायला लागली. आणि मग जे इतके दिवस घोळवत होतो ते बोलून टाकलं. ‘तुम्ही गावी जा. सामान मी बांधून देतो. पोरीचं आम्ही बघू कसं ते.’

मला वाटलं ती रडेल. ती खुर्ची ओढून बसली. लेयाच्या हनुवटीवरची पेज तिनं बोटानं पुसली. ‘जाते,’ ती म्हणाली. ‘उद्याच्या गाडीनं जाते. पण एवढं समुद्राचं पाणी ओळखतोस, हा रंग तुला ओळखता आला नाही? लहानपणापासून काय पीत होतास तू?’

मी टोपी हातात घेतली. आमच्या घरी चुलीवर एक मोठं भगुणं कायम असायचं. त्यात पतिमुखाच्या लाकडाचे तुकडे टाकून आई पाणी उकळायची, रक्त शुद्ध होतं म्हणून. कुठंही गेले तरी अप्पा तेच पाणी प्यायचे, दुसरं त्यांना चालायचं नाही. गुलाबी पाणी. आमच्या सगळ्या पेल्यांच्या तळाला या रंगाचं वर्तुळ बसलेलं असायचं, आई ते राखेनं घासायची आणि ते जायचं नाही. अम्मच्चीकडे जिऱ्याचं पाणी करतात, ते पिवळसर. मला कळलं. ती बोलायच्या आधी कळलं, आणि तिनं बोलू नये असं वाटलं.

‘नर्स म्हणाली, खालीपर्यंत पोचेल असं वाटत नाही, काही करायचं असेल तर आत्ता करा,’ अम्मच्ची सांगायला लागली. ‘असं म्हणून तिनं तोंड भिंतीकडे केलं. आमच्यात असं कुणीही करू शकतं, मोने, वेळ आली की. फादर लागत नाही. मी पुढे झाले आणि तिथंच थांबले. तुला शब्द दिला होता. उपदेशी म्हणाले, एलीक्कुट्टी, कर तू. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुला काय सांगू, म्हातारा माणूस असा कधी बघू नये. त्यांनी फ्लास्कचं झाकण फिरवलं. झाकणात ओतलं. निम्मं टोपीवरच सांडलं. तीनदा घातलं. शब्द अगदी बरोबर, एक इकडचा तिकडे नाही. चुकतील कसे, जन्म गेला नदीत उभं राहून तेच म्हणण्यात. आणि मग मला विचारलं, यानं होतं का गं? मला! जसं काही मीच पोप.’

‘तुम्ही काय म्हणालात?’

‘म्हटलं, होतं. दुसरं काय म्हणू? पण ते लाल पाणी माझ्या डोक्यातून जाईना. पाणी म्हणजे पाणीच हवं, पेज नको, चहा नको, असं आम्हाला शिकवलंय. उपदेशी होते तोवर कुणाला विचारलं नाही. ते गेल्यावर मग फादरना विचारलं. ते म्हणाले, शंका आहे, आणि अजूनही फोन केला की तेच म्हणतात. शंका असली की पुन्हा घालायचं आणि म्हणायचं, आधी झाला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो. त्या दुपारी मी घेतलं पाणी हातात. घातलंही. तोंड उघडलं नाही माझं. तुला दिलेला शब्द मधे येऊन बसला. नुसतं पाणी पडलं ते. शब्दाशिवाय पाण्यानं काही होत नाही. म्हणजे बघ, त्यांचे शब्द खरे तर पाणी तसलं, आणि माझं पाणी खरं तर शब्दच नाहीत. पोर मधेच राहिलीय.’ तिनं नाक पुसलं. ‘शब्द मी मोडलेला नाही, ईपन.’ पहिल्यांदाच तिनं मला नावानं हाक मारली.

मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत?’

‘त्यांनी नको म्हटलं. झाकण लावताना म्हणाले, माझ्या मुलाला कळू देऊ नकोस. तो माझ्या शब्दावर दोनदा पाण्याखाली गेलाय.’

ट्रीसा मासे घेऊन आली. तिनं आमच्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि पिशवी घेऊन आत गेली. अम्मच्चीचं सामान बांधायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. अम्मच्चीनं मासे साफ केले, मी पंख्याखाली बसून राहिलो. मला अप्पांचा राग आला होता. इतका की ते समोर असते तर मी त्यांना गदागदा हलवलं असतं. माझं एक कोपर तुम्हाला चाललं नाही, अप्पा. आणि हिला झाकणभर पाणी चाललं? माझ्या वेळी पाणी नुसता साक्षीदार होतं, मग लिफ्टपाशी तुम्ही कुणाला साक्षीला बोलावत होतात? त्यांनी तेव्हा विश्वास ठेवला की सोडला, हेच मला ठरवता येईना. जन्मभर जे सांगितलं ते त्यांना त्या क्षणी खोटं वाटलं, की पोर जाताना माणसाला हातात येईल ते धरावंसं वाटतं एवढंच? आणि मग ते फ्लास्क घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारी बसले, आणि त्यातलं उरलेलं मला पाजलं. पी म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. मला माझे वडील त्या क्षणी हवे होते. मला त्यांना ओरडायचं नव्हतंच. मला त्यांना विचारायचं होतं, की वर आल्यावर मला काय वाटलं ते तुम्ही कधी विचारलं का नाहीत? विचारायची भीती वाटायची का?

संध्याकाळी लेयाची आंघोळ मी करतो म्हटलं. ताप उतरला होता. कोमट पाणी, प्लास्टिकचा टब, टबात तिचे पाय आपटणं. शेवटचा तांब्या मी नळाखाली भरला. साधं पाणी, बिनरंगाचं, तळ दिसत होता. एका हातानं तिची मान धरली, अप्पांनी नदीत माझी धरली होती तशी, आणि तांब्या टाळूवर आणला, आणि हात तिथंच थांबला. शब्द मला पाठ आहेत. आधी झाला नसेल तर, हेही आता पाठ झालं होतं. पाण्यानं काही होत नसेल तर हात का थांबावा? आणि होत असेल तर मी कोण? लेया वर बघून तांब्याला हात मारत होती, तिला खेळ वाटत होता. मागे दारात कुणीतरी उभं आहे हे मला कळलं. अम्मच्ची माझ्या तांब्याकडे बघत नव्हती, आरशातून माझ्या ओठांकडे बघत होती. मी पाणी ओतलं. मग पुन्हा भरून ओतलं, आणि आणखी एकदा.

लेयाला टॉवेलात घेऊन मी तिचं डोकं खसाखसा कोरडं केलं, पार कोरडं, आणि तिला छातीशी धरून, हनुवटी तिच्या टाळूवर टेकून बराच वेळ तसाच उभा राहिलो. अम्मच्ची पुढे आली. तिनं माझ्या हातातून पोर घेतली नाही. तिनं लेयाच्या टाळूवर बोट टेकवलं, ओल्या झालेल्या बोटाकडे बघितलं, आणि ते हळूच जिभेला लावलं.

‘घाम,’ मी म्हणालो. तिनं विचारलंही नव्हतं.